ड्यूकची बाग आणि आपली बकुळ

(रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरते घेऊन छापत आहोत. – संपादक मंडळ)



प्रवासावर बोला असं सचिवांनी सांगितलं, आणि वर हळूच म्हणाले, “काका, फोटो जास्त नकोत, आणि पार्किंगचा विषय काढू नका.” फोटो मी आणलेले नाहीत. दुसऱ्या अटीचं शेवटी बघू.

आमची मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये शेफिल्डला असतात. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे दोन महिने राहून आलो. लंडन बघितलं, राणीचा राजवाडा बाहेरून बघितला, ते सगळं तुम्हीही पाहिलेलं असेल किंवा टीव्हीवर बघितलं असेल. माझ्या मनात मात्र घर करून राहिली ती एक बाग. शेफिल्डहून बसने तासाभरात डर्बीशायरच्या डोंगरात एक मोठा वाडा लागतो, त्याचं नाव चॅट्सवर्थ. डेव्हनशायरचे ड्यूक, म्हणजे कॅव्हेंडिश घराणं, इथे साडेचारशे वर्षांहून अधिक काळ आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा २००५ सालचा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्यातला नायकाचा वाडा पाहिला आहे. तोच हा.

बस वळण घेते आणि समोर डरवेंट नदी, पलीकडे हिरवा उतार, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या आणि मागे पिवळसर दगडाचा वाडा. आमची ही म्हणाली, “किती नैसर्गिक आहे ना सगळं!” जावई हसला. म्हणाला, “आई, यातलं काहीच नैसर्गिक नाही. नदीचा काठसुद्धा माणसांनी घडवलाय.” खरंच आहे. आधी इथे रेषा आखून केलेल्या फ्रेंच पद्धतीच्या बागा होत्या. १७६० च्या सुमारास चौथ्या ड्यूकने ‘केपेबिलिटी’ ब्राऊन नावाचा त्या काळचा सर्वांत नावाजलेला बागरचनाकार बोलावला. त्याने त्यातल्या बऱ्याचशा बागा मोडून हिरवे उतार केले आणि झाडांचे पुंजके लावले. आज आपल्याला जो ‘निसर्ग’ दिसतो तो अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी नकाशावरचा आहे.

बाग १०५ एकरांची आहे. आपली अख्खी सोसायटी, पार्किंग धरून, सव्वा एकरात बसते. तेव्हा सगळी बाग सांगत बसलो तर चहा थंड होईल. मला जे पाय थांबवून बघावंसं वाटलं, तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. वाड्यामागच्या टेकडीवरून दगडी पायऱ्यांवरून पाणी खाली येतं. ही रचना सतराव्या शतकाच्या अखेरची. प्रत्येक टप्प्याच्या पायऱ्या वेगळ्या घडणीच्या आहेत, त्यामुळे पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याला बदलतो. आम्ही कडेने चालत चढलो आणि डोळे मिटून ऐकलं. जवळच तांब्याचं एक झाड उभं आहे. खोटं, धातूचं. त्याच्या फांद्यांतून अचानक पाणी उडतं आणि खाली उभा असलेला पाहुणा भिजतो. व्हिक्टोरिया राणी तेरा वर्षांची असताना इथे आली होती, तेव्हा तिला हेच झाड फार आवडलं होतं. आमची ही पण भिजली, पण तिला ते तितकंसं आवडलं नाही.

आणि तळ्यातलं कारंजं! रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार अशी अपेक्षा होती, म्हणून सहाव्या ड्यूकने १८४४ साली ते करवून घेतलं. वर डोंगरावर आठ एकरांचं तळं खोदलं, तिथून नळाने पाणी खाली आणलं. पंप नाही, मोटार नाही, केवळ उंचीच्या जोरावर पाणी उडतं. तेव्हा ते २९६ फूट उडाल्याची नोंद आहे. आपल्या सात मजली इमारती चार एकावर एक ठेवल्या तर साधारण तेवढी उंची होईल. आणि गंमत म्हणजे, झार इंग्लंडला आला पण चॅट्सवर्थला आलाच नाही. पाहुणा आला नाही म्हणून कारंजं बंद केलं नाही. आम्ही गेलो तेव्हा ते इतकं उंच उडत नव्हतं, पण उडत होतं.

आता ज्याच्यासाठी मी आज उभा राहिलो आहे, त्या माणसाबद्दल सांगतो. जोसेफ पॅक्स्टन. शेतमजुराचा मुलगा. लंडनजवळ एका बागेत कामाला होता. शेजारीच सहाव्या ड्यूकचा दुसरा वाडा होता. येता-जाता ड्यूकची या तरुणाशी ओळख झाली आणि त्याने त्याला थेट चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमलं. साल १८२६, पॅक्स्टन तेव्हा अजून विशीतच होता. रुजू व्हायच्या दिवशी तो पहाटे साडेचारला पोहोचला. दार बंद. गडी भिंत चढून आत गेला, सगळी बाग फिरून बघितली, सहाला माणसं आल्यावर त्यांना कामाला लावलं, नाश्त्याला वाड्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे गेला आणि तिथे त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला. हे सगळं सकाळी नऊच्या आत, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. पुढल्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तो कामानिमित्त बाहेर असला की ही सारा मागे सगळा कारभार सांभाळायची.

या माणसाला झाडांचं वेड होतं. डर्बीच्या एका रोपवाटिकेत ॲश जातीचं एक झाड होतं, फांद्या छत्रीसारख्या जमिनीकडे झुकलेल्या. वय चाळीसच्या आसपास, वजन सुमारे आठ टन. पॅक्स्टनने ते १८३० मध्ये मुळांसकट उचललं आणि सुमारे २८ मैल घोड्यांच्या गाडीवरून आणून वाड्यासमोर लावलं. क्रेन नाही, ट्रक नाही! लोकांना वाटलं, मरणार. आम्ही त्या झाडाखाली उभे राहिलो होतो. चाळीस वर्षांचं झाड हलवून नव्या जागी लावता येतं, हे दोनशे वर्षांपूर्वी एका माळ्याने करून दाखवलं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, मला ते शेवटी लागणार आहे.

मग १८३५ पासून त्याने तिथे वृक्षसंग्रह उभा केला. इंग्रजीत त्याला आर्बोरेटम म्हणतात. म्हणजे झाडांचं संग्रहालयच, फक्त जिवंत. एका कुळातली झाडं शेजारी शेजारी लावायची, चालणाऱ्याला फिरता फिरता शिकता यावं अशी. आपण चालतो तर वरून गच्च सावली आणि पायाखाली पानांचा मऊ थर. त्याआधी लावलेल्या सूचिपर्णी झाडांत एक डग्लस फर आहे. हे झाड अमेरिकेतलं. त्याचं रोप १८२९ साली पॅक्स्टनने लंडनहून आपल्या टोपीतून आणलं, असं खुद्द ड्यूकने नोंदवून ठेवलं आहे. टोपीत मावणारं रोप १८४५ पर्यंत ३५ फूट झालं होतं. त्याच्या बुंध्याशी उभं राहून वर बघितलं तर माझी टोपी पडली.

आपल्या देशाचाही इथे संबंध येतो. पॅक्स्टनने १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवलं. तिथल्या वनस्पती उद्यानातून आणि खासी टेकड्यांतून तो शंभराहून अधिक जातींची ऑर्किड्स घेऊन परतला. पण त्याला मुख्यतः आणायचं होतं ते ब्रह्मदेशातलं एक झाड, ज्याला आपण उर्वशी म्हणतो. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्यांनी ते फुललेलं पाहिलं आहे, त्यांना कळेल की एका माणसाला त्यासाठी अर्ध्या जगापलीकडे का पाठवावंसं वाटलं असेल. गिब्सनने ते नेलं. इतकी झाडं अशी परक्याच्या घरून उचलून न्यायची, यात सत्तेचा गुर्मीचा भागही होताच. तेव्हा कलकत्त्यात राज्य कोणाचं होतं हे आपल्याला माहीत आहे. तो विचार माझ्या मनात आला, आणि झाडांकडे बघून आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

आणि केळं! पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेलं एक बुटकं केळीचं रोप काचघरात वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात ते फुललं, पुढल्या वर्षी केळी लागली. घराण्याच्या नावावरून त्याला कॅव्हेंडिश म्हटलं गेलं. आज जगात परदेशी विकली जाणारी बहुतेक केळी याच गटातली. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन हीसुद्धा कॅव्हेंडिश गटातलीच. रोपं तिथून आली असं नाही, पण नाव मात्र त्या ड्यूकचं. मी घरी आल्यावर फळवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “काका, डझनाचे साठच.”

आता काचघराची गोष्ट. ही जरा मन लावून ऐका.

पॅक्स्टनने १८३६ पासून चार-पाच वर्षांत चॅट्सवर्थला एक प्रचंड काचघर बांधलं. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच. आत ताडमाड, केळी, उष्ण देशांतलं सगळं रान. मधून इतका रुंद रस्ता की १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा ती घोड्यांच्या बग्गीतून आतून गेली, हजारो दिव्यांच्या उजेडात. जमिनीखाली आठ बॉयलर, सात मैल लांबीचे गरम पाण्याचे नळ, आणि कोळसा दिसू नये म्हणून तो आणायला जमिनीखालून रूळ. इथल्याच दुसऱ्या एका काचघरात १८४९ साली दक्षिण अमेरिकेतलं राक्षसी कमळ फुलवलं. पॅक्स्टनने आपली सात-आठ वर्षांची मुलगी त्याच्या पानावर उभी केली, पान बुडालं नाही. पानाखालच्या शिरांची ती जाळी त्याने पाहिली आणि त्या अनुभवातून १८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, सुमारे साडेअठराशे फूट लांबीचा. माळ्याचा ‘सर’ जोसेफ झाला.

आम्ही ते मोठं काचघर बघायला गेलो तर तिथे काचघर नाही. दगडी पाया आहे, आणि मधे यू झाडांच्या कुंपणाचा भूलभुलैया. आमची ही तिथल्या एका वयस्क माळ्याला विचारत राहिली, “पण ते गेलं कुठे?” त्याने शांतपणे सांगितलं.

पहिलं महायुद्ध आलं. कोळसा मिळेना. बागेत काम करणारी तरुण मुलं लढाईवर गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. बॉयलर विझले, आतली झाडं थंडीने मेली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा उभं करायला पैसा नव्हता. शेवटी १९२० साली ते सुरुंग लावून पाडलं. तेही एका दमात पडलं नाही, पुन्हा पुन्हा सुरुंग लावावे लागले, इतकं भक्कम बांधलं होतं. त्या जागी १९६२ साली १,२०९ यूची रोपं लावून हा भूलभुलैया केला.

मंडळी, मी त्या नवव्या ड्यूकला दोष देत नाही. रोज कोळसा घातल्याशिवाय जी गोष्ट जगत नाही, ती कोळसा संपला की मरते. पण मी मागे वळून वृक्षसंग्रहाकडे पाहिलं. ती झाडं त्याच पॅक्स्टनने, त्याच सुमारास लावली होती. त्यांना कोणी कोळसा घातला नव्हता. युद्धात त्यांच्याकडे बघायलाही माणसं नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तर वाड्यात मुलींची एक अख्खी शाळा राहायला आली होती, तेव्हाही ही झाडं होती तिथेच होती. त्यांना हवं होतं ते एकच: कोणी तोडू नये.

आता हिशेबाचा भाग, कारण मी बारा वर्षं आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. १९५० मध्ये दहावा ड्यूक अचानक वारला आणि सरकारने मालमत्तेवर ८० टक्के वारसा कर लावला. शंभरातले ऐंशी! हजारो एकर जमीन गेली, मोठमोठी चित्रं गेली, हार्डविक हॉल नावाचा दुसरा ऐतिहासिक वाडाही सरकारजमा होऊन पुढे नॅशनल ट्रस्टकडे गेला. कर पूर्ण फिटायला १९७४ साल उजाडलं, म्हणजे २४ वर्षं. आपली सोसायटी जेवढी वर्षं उभी आहे, जवळजवळ तेवढी ते कुटुंब नुसता कर फेडत होतं. मग १९८१ मध्ये वाडा आणि बाग सांभाळायला एक धर्मादाय न्यास केला. आज तिकिटाच्या पैशातून बाग चालते आणि आपल्यासारखा कोणीही जाऊन त्या झाडाखाली बसू शकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सिंकिंग फंड उशिरा काढला, पण काढला. विकायची पाळी आली तेव्हा त्यांनी जमीन विकली, चित्रं विकली. बाग मात्र ठेवली.

एक गोष्ट गोड नाही, तीही सांगतो. वाड्याजवळ एडन्सर नावाचं गाव होतं. तिथे त्याचा उच्चार ‘एन्झर’ करतात. वाड्यातून ते दिसायचं म्हणून आधी थोडं हटवलं, मग १८३८ ते १८४२ या काळात सहाव्या ड्यूकने उरलेलं गाव उचलून थोडं बाजूला नवीन बांधलं. प्रत्येक घर वेगळ्या घाटाचं, फार देखणं. जगातलं पहिलं सुंदर रीडेव्हलपमेंट म्हणा! पण रहिवाशांची संमतीपत्रं कोणी घेतली नव्हती. जुन्या गावातलं एकच घर रस्त्याच्या या बाजूला अजून एकटं उभं आहे. असं सांगतात की तिथल्या म्हाताऱ्याने हलायला नकार दिला. खरं-खोटं देव जाणे. पण मला ते घर बघून आपल्या सी विंगमधल्या एका सभासदांची आठवण झाली. ते हसताहेत, म्हणजे त्यांना कळलं. त्याच गावाच्या चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे.

चॅट्सवर्थला एक मालक होता. त्याने ठरवलं आणि झालं, चांगलं आणि वाईट दोन्ही. आपल्याकडे ड्यूक नाही. छप्पन्न फ्लॅट, छप्पन्न मालक. त्यामुळे गाव उठवता येत नाही, हे उत्तमच. पण त्याच कारणाने, कंपाऊंडमधलं झाड नक्की कोणाचं, हेही कोणाला सांगता येत नाही.

सचिव, माफ करा, आता मी तो विषय काढतोय.

डी विंगच्या मागे बकुळीचं झाड आहे. सोसायटी रजिस्टर झाली त्या पावसाळ्यात आपल्या बी विंगमधल्या आजोबांनी ते लावलं. तेव्हा आपल्याकडे बोअरवेल नव्हती, टँकर यायचा. ते आंघोळीच्या पाण्याची अर्धी बादली वाचवून खाली आणायचे. मी त्यांना म्हटलं होतं, “आजोबा, बकुळ फार हळू वाढते. गुलमोहर लावा, पाच वर्षांत सावली मिळेल.” ते म्हणाले, “गुलमोहर पाच वर्षांत येईल आणि पंचवीस वर्षांत वादळात पडेल.” ते गेले त्याला सहा वर्षं झाली. झाडाला बहर येऊ लागला तेव्हा ते होते, एवढं समाधान. आज पहाटे डी विंगच्या मुली खाली फुलं वेचतात. सुकलेल्या फुलांचाही वास जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या सभेत ते झाड काढून तिथे दोन गाड्यांची जागा करावी असा अर्ज आला. त्यावर सतरा सह्या आहेत. त्यातली अकरावी सही माझी आहे. होय, माझी. मुलाने दुसरी गाडी घेतली, ती रस्त्यावर उभी असते, काच दोनदा फुटली. कारण खरं आहे. त्या ड्यूकचंही कारण खरंच होतं. फरक एवढाच की त्याच्या काचघराला रोज कोळसा लागत होता. आपल्या बकुळीला आता आपल्याकडून काहीच लागत नाही. तिला आंघोळीचं पाणीसुद्धा नको.

सही करताना मला चॅट्सवर्थ आठवलं नाही. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा आठवलं. म्हणून आज सगळ्यांसमोर मी माझी सही मागे घेतो. मुलगा रागावेल, त्याच्याशी मी बोलेन.

कमिटीला माझी तीन छोटी विनंतीपत्रं आहेत, ती मी लेखी दिली आहेत. एक, सोसायटीतल्या सगळ्या झाडांची नोंदवही करा: कोणतं झाड, कोणी लावलं, कोणत्या साली. दुसरं, प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावा, खिळा न ठोकता. तिसरं, बजेटमध्ये झाडांसाठी वेगळी ओळ ठेवा, थोडी रक्कम असली तरी चालेल. आणि पुढे खरंच रीडेव्हलपमेंट आलं, बकुळ जागेवर ठेवताच आली नाही, तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन ती मुळांसकट हलवण्याची अट बिल्डरच्या करारात आधीच घाला. चाळीस वर्षांचं झाड घोड्यांच्या गाडीवरून हललं होतं. पंचवीस वर्षांचं क्रेनने हलवता येतं का, हे जाणकाराला विचारायला पैसे पडत नाहीत.

पार्किंगचा प्रश्न सुटलेला नाही, हे मला माहीत आहे. त्यावर पुढच्या सभेत भांडूच. त्याआधी उद्या सकाळी सातला मी डी विंगमागे नोंदवहीचं पहिलं पान लिहायला बसणार आहे. आजोबांची सून येणार आहे, झाड लावल्याची तारीख तिला आठवते. ज्यांना यायचं त्यांनी या, मुलांना घेऊन या.

सचिव चहाकडे बोट दाखवताहेत.